परिटाची नावे : दख्खनमधील हिवाळी पक्षिनिरीक्षणाचा एक नामेतिहास

भाद्रपद-आश्विनात पावसाने उघडीप दिली आणि नद्यांचे गढूळ पाणी निवळू लागले, की दख्खनच्या पठारावर नदीकाठी, पाटाच्या कडेने आणि ओल धरून असलेल्या शेतांत एक सडपातळ, लांब शेपटीचा पक्षी दिसू लागतो. चार पावले धावावे, थबकावे, शेपटी खालीवर हलवावी आणि पुन्हा धावावे, असा त्याचा क्रम दिवसभर चालू असतो. गावोगावी त्यास परीट किंवा धोबी म्हणतात. चैत्रापर्यंत तो राहतो आणि मग नाहीसा होतो. इंग्रज अधिकारी बंदुका आणि वह्या घेऊन या मुलखात हिंडू लागले तेव्हापासून येथील पक्षिनिरीक्षणाचा इतिहास सुरू होतो, असे सामान्यतः मानले जाते. पक्ष्यांच्या याद्यांचा इतिहास लिहावयाचा असेल तर ते खरेही आहे. परंतु यादी करणे आणि पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. पाहिल्याचा पुरावा पुष्कळदा यादीत नसून नावात असतो. आणि या एका पक्ष्याच्या नावांचा मागोवा घेतला असता निदान दीड हजार वर्षांच्या हिवाळी निरीक्षणाचे थर एकावर एक बसलेले आढळतात.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे, की परीट हे एका जातीचे नाव नव्हे. पांढरा परीट, पिवळा परीट, पिवळ्या डोक्याचा परीट, करडा परीट आणि झाडीत राहणारा रानपरीट असे निदान पाच निरनिराळे पाहुणे या एका नावाखाली हिवाळ्यात महाराष्ट्रात वावरतात. त्यांपैकी करडा परीट सर्वांच्या आधी, पावसाळा पुरता संपण्यापूर्वीच सह्याद्रीतील ओढ्यांवर हजर होतो. रानपरीट शेपटी खालीवर न हलवता डावीउजवीकडे हलवितो. या सर्वांखेरीज सहावा एक आहे, तो मात्र पाहुणा नव्हे. पांढऱ्या भुवईचा थोरला काळापांढरा धोबी बाराही महिने येथेच राहतो आणि येथेच घरटे करतो. बोलीभाषेने या सहांनाही एकाच नावात घातले आहे. त्याचे कारण पुढे पाहावयाचे आहे. तत्पूर्वी संस्कृत नावाकडे वळले पाहिजे.

संस्कृतात या पक्ष्यास 'खंजन' आणि 'खंजरीट' अशी दोन नावे असून 'अमरकोशा'त ती दोन्ही एकत्र आली आहेत. 'खंज' म्हणजे लंगडा. धावता धावता मध्येच थबकणाऱ्या आणि प्रत्येक थांब्यावर मागचे अंग हेलकावणाऱ्या या पक्ष्याच्या चालीवरून हे नाव पडले असावे, हे उघड आहे. 'खंजरीट' आणि 'परीट' या शब्दांच्या शेवटातील ध्वनिसाम्य मोहात पाडणारे आहे खरे. पण तेवढ्यावरून एकाची व्युत्पत्ती दुसऱ्यापासून लावणे धाडसाचे होईल. परीट हा शब्द मराठीत प्रथमतः व्यवसायाचा व जातीचा वाचक आहे आणि त्यावरून तो पक्ष्याकडे गेला आहे. 'धोबी' हा पर्यायी शब्दही पक्ष्याच्या बाबतीत तितकाच रूढ आहे, ही गोष्ट त्याची साक्ष देते. नाव शब्दाच्या आवाजावरून आले असते तर त्याचा समानार्थी शब्द पक्ष्यास लागता ना.

खंजनाच्या निरीक्षणाचा सर्वांत लक्षणीय जुना पुरावा सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त आहे. या ग्रंथात खंजनाच्या लक्षणांसाठी एक स्वतंत्र अध्याय खर्ची घातला आहे. विषय अर्थातच शकुनाचा. खंजनाचे पहिले दर्शन कोठे व कशा स्थितीत झाले असता काय फळ मिळते, ते त्यात सांगितले आहे. शकुनशास्त्र म्हणून आजचा अभ्यासक तो अध्याय बाजूस ठेवील. पण निरीक्षणाचा दस्तऐवज म्हणून तो बाजूस ठेवण्यासारखा नाही. त्यातील 'पहिले दर्शन' ही कल्पनाच मुळी ऋतूची जाण गृहीत धरते. जो पक्षी बारमास डोळ्यांसमोर असतो, त्याचे पहिले दर्शन संभवत नाही. कावळ्याचे वा चिमणीचे पहिले दर्शन कोणी पाहत नाही. खंजन काही महिने दिसत नाही, मग एके दिवशी दिसतो, आणि तो दिवस लक्षात ठेवण्याजोगा असतो, इतके ज्ञान त्या अध्यायाच्या मुळाशी आहे. संस्कृत कवींनी खंजनास शरद ऋतूचे चिन्ह मानले, तेही याच ज्ञानाच्या आधारावर.

त्याहूनही महत्त्वाचे आहे ते वराहमिहिराने केलेले प्रकारांचे वर्णन. त्याने खंजनाचे चार प्रकार सांगितले आहेत. गळा काळा असलेला तो 'भद्र'. गळ्यापासून मुखापर्यंत काळा तो 'संपूर्ण'. गळ्यावर केवळ एक काळा ठिपका असलेला तो 'रिक्त'. आणि पिवळा तो 'गोपीत'. पहिले दोन शुभ, पुढचे दोन अशुभ. येथे शुभाशुभ सोडून द्यावे आणि वर्गीकरणाचे गमक पाहावे. गळ्यावरील काळ्या रंगाची व्याप्ती हे गमक वराहमिहिराने निवडले आहे, आणि पांढऱ्या परिटाचे भौगोलिक उपप्रकार ओळखताना आजचा पक्षिशास्त्रज्ञही मुख्यतः डोक्यावरील, गळ्यावरील आणि पाठीवरील काळा रंग कोठवर पसरला आहे, हेच पाहतो. तथापि 'संपूर्ण' म्हणजे मध्य आशियातून येणारा काळ्या मुखवट्याचा उपप्रकार आणि 'रिक्त' म्हणजे युरोप-सायबेरियाकडील पांढरा परीट, अशी थेट जोडणी करणे योग्य होणार नाही. पांढऱ्या परिटाच्या गळ्यावरील काळा पट्टा हिवाळ्यात आक्रसून छातीवर एक चंद्रकोर उरते आणि वसंतात तो पुन्हा पसरतो. शिवाय येथला बारमाही धोबीही काळ्या गळ्याचाच आहे. म्हणजे 'भद्र', 'संपूर्ण' आणि 'रिक्त' यांत जाती, उपप्रकार आणि ऋतुमानाने बदलणारा पिसारा या तिन्ही गोष्टी मिसळल्या असण्याचा संभव आहे. पिवळ्या 'गोपीता'बद्दल मात्र फारसा संशय राहत नाही. पिवळे परीट वेगळे काढणारा हा निदान एक जुना भारतीय लेखक होय.

शुभाशुभ स्थानांची यादीही अशीच बोलकी आहे. पवित्र जलाशय, गोठा, कमळे, धान्याच्या राशी ही शुभ स्थाने. चिखलात खंजन दिसल्यास गोड अन्न, शेणाजवळ दिसल्यास दूधदुभते, हिरवळीवर दिसल्यास वस्त्र मिळते. गाड्यावर किंवा घराच्या छपरावर दिसल्यास मात्र देशाचा वा धनाचा नाश. चिखल, शेण, हिरवळ आणि पाणकाठ ही तर परिटाची रोजची चरण्याची ठिकाणे. कारण तेथेच त्याला माश्या आणि किडे मिळतात. फळे ठरविणाऱ्याने आकाशाकडे पाहिले असेल किंवा नसेल, पण जमिनीकडे नीट पाहिले होते. याच अध्यायात आणखी एक गमतीची सूचना आहे. खंजन जेथे मैथुन करतो तेथे जमिनीखाली ठेवा असतो, जेथे ओकतो तेथे काच असते, विष्ठा टाकतो तेथे कोळसा असतो, आणि कुतूहल शमविण्यासाठी तेथे खणून पाहावे, असे ग्रंथकार सांगतो. पाहुणे परीट भारताच्या मैदानी प्रदेशात वीण करीत नाहीत. त्यामुळे त्यांचा समागम हिवाळ्यात दिसणे अतिशय दुर्मीळ, आणि ठेवाही तितकाच दुर्मीळ असल्याने भाकिताला बाध येण्याचा प्रसंग क्वचितच येई.

मराठी नावात यांतले काहीच उतरलेले नाही. ना लंगडेपण, ना शकुन, ना शरद ऋतू. मराठीने पाहिले ते पाणकाठावरचे काम. ओढ्यावरच्या दगडाजवळ उभा राहून शेपटी सारखी वरखाली आपटणारा हा पक्षी धुणे बडविणाऱ्या परिटासारखा दिसतो, एवढीच ती उपमा. ती मराठीपुरतीच नाही. फ्रेंच भाषेत या पक्ष्याचे जुने लोकनाम 'लाव्हांदिएर' आणि स्पॅनिशमध्ये 'लाव्हांदेरा' असे आहे. दोहोंचा अर्थ धुणे धुणारी स्त्री. एकमेकींपासून इतक्या दूर असलेल्या भाषांनी स्वतंत्रपणे एकच उपमा योजावी, याचे कारण भाषेत शोधण्यापेक्षा नदीकाठी शोधणे बरे. जेथे जेथे माणसे वाहत्या पाण्यावर दगडावर कपडे धुतात, तेथे तेथे हा पक्षी त्यांच्या शेजारी असतो. या नावात बारमाही आणि पाहुणा असा भेद करण्याचे कारणच पडत नाही, कारण दोघेही तेच काम करताना दिसतात. सहा जाती एका नावात सामावल्या याचे उत्तर येथे आहे. परीट शेतकऱ्याच्या पिकाला हात लावीत नाही आणि त्याच्या ताटातही येत नाही. त्याच्यात अधिक बारकाईने भेद करावा अशी निकड कोणाला भासली नाही.

ही निकड जेथे होती तेथे बोलीभाषा वेगळ्या रीतीने वागली. भोरडीचे उदाहरण पुरेसे आहे. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही मैना मध्य आशियात आणि त्याच्या पश्चिमेस वीण करते आणि पावसाळा संपण्याच्या आधीपासूनच थव्याथव्यांनी दख्खनमध्ये उतरू लागते. ज्वारीच्या कणसांत दाणा भरला, की हे थवे शेतावर पडतात. साळुंकी बारमास अंगणात असते आणि भोरडी तिच्याच कुळातली. तरी मराठी शेतकऱ्याने तिला साळुंकीच्या नावाखाली घातले नाही. तिला वेगळे नाव दिले, तिच्या येण्याचा काळ ध्यानात ठेवला, शेतात माळा बांधला आणि गोफण हाती घेतली. ज्वारीच्या माळ्यावर बसून पाखरे राखणारी मुले ही दख्खनमधील सर्वांत मोठी आणि सर्वांत दुर्लक्षित निरीक्षकांची परंपरा म्हणावी लागेल. त्यांच्या निरीक्षणाला मोल होते. ते चुकले तर घरात दाणा कमी येई. उलट, विणीच्या प्रदेशात हीच भोरडी टोळ खाऊन पिके वाचविते म्हणून तेथील लोक तिचे स्वागत करतात. एकाच पक्ष्याविषयीचे हे दोन परस्परविरुद्ध अनुभव एकत्र मांडले जाण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

मुंबई सरकारने १८२४ मध्ये कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) याला, त्या वेळी तो कर्नल झालेला नव्हता, दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. लोकसंख्या, जमीन, पिके, हवामान अशी सर्व माहिती जमविण्यासाठी तो १८३१ पर्यंत या प्रदेशात हिंडत होता. वायुभारमापकाची त्याने घेतलेली वाचने हवामानशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. याच फिरतीत त्याने प्राणी आणि पक्षी जमविले. सस्तन प्राण्यांची यादी १८३१ मध्ये आणि पक्ष्यांची यादी १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या इतिवृत्तांत प्रसिद्ध झाली. पक्ष्यांच्या यादीतील पन्नासाहून अधिक जाती शास्त्राला नव्या आहेत, असे त्याने मांडले. भोरडीच्या थव्यांची त्याने टोळांशी तुलना केली आहे. माळ्यावरच्या मुलाचा अनुभव छापील शास्त्रीय वाङ्मयात आला तो असा, मुलाच्या नावाशिवाय.

येथे एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. साइक्सची पहिली यादी प्रसिद्ध झाली त्याच १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही प्रसिद्ध झाला. मोल्सवर्थ आणि त्याचे सहकारी कँडी बंधू हेही कंपनीच्या सैन्यातलेच अधिकारी. एकाच प्रदेशात, एकाच दशकात, एकाच सरकारच्या नोकरीतील माणसे एकीकडे मराठी शब्द आणि दुसरीकडे मराठी मुलखातले प्राणी गोळा करीत होती. साइक्सने सस्तन प्राण्यांच्या यादीत 'मराठ्यांचा कोळसून', 'मराठ्यांचा लांडगा' अशी स्थानिक नावे दिलीही आहेत. परंतु शब्दांचा कोश आणि प्राण्यांची यादी यांची एकमेकांशी पडताळणी करण्याचे काम त्या पिढीत झाले नाही. झाले असते तर पुढील दीडशे वर्षे मराठी पक्षिनामांबाबत जो गोंधळ चालू राहिला तो पुष्कळ कमी झाला असता.

साइक्सने स्वतः दिलेली शास्त्रीय नावे हा या इतिहासातील फार मनोरंजक भाग आहे. त्याच्या यादीत दोन परीट नवे म्हणून आले. पांढऱ्यास त्याने 'मोतासिला डुखुनेन्सिस', म्हणजे दख्खनचा, असे नाव दिले आणि पिवळ्यास 'बीमा'. एका लहान, भुरकट वटवट्यास 'रामा' म्हटले. गावकऱ्यांनी ज्या पाखरात विशेष काही पाहिले नव्हते त्यास देवाचे नाव मिळाले. एका रातव्यास 'महरट्टेन्सिस', म्हणजे मराठ्यांचा, हे नाव दिले. हे चौघेही दख्खनमध्ये हिवाळी पाहुणे होत. दख्खनचा म्हटलेला पांढरा परीट पश्चिम सायबेरियाच्या बाजूस वीण करतो, 'बीमा' व्होल्गा-उरलपासून उत्तर कझाकस्तान व दक्षिण सायबेरियाच्या गवताळ प्रदेशात, 'रामा' मध्य आशियात आणि मराठ्यांचा रातवा वायव्येकडील कोरड्या प्रदेशात. यांपैकी कोणाचेही घर मराठी मुलखात नाही. साइक्सने त्यांना जेथे पाहिले तेथला पत्ता त्यांच्या नावात घातला. शास्त्रीय नाव पक्ष्याचा प्रदेश सांगते असा समज असतो. प्रत्यक्षात ते पुष्कळदा पाहणारा कोठे उभा होता एवढेच सांगते.

'बीमा' या नावाच्या अर्थाविषयी थोडे थांबले पाहिजे. भीमा नदी साइक्सच्या फिरतीच्या प्रदेशातूनच वाहते आणि पिवळे परीट तिच्या काठी हिवाळ्यात असतातच. त्यामुळे नदीचे नाव मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच यादीत 'रामा', 'देवा' (एक चंडोल) आणि 'गनीसा' (सह्याद्रीतील एक बुलबुल) अशी नावे आहेत. नावे देताना साइक्सची दृष्टी देवादिकांकडे आणि पुराणपुरुषांकडे होती, हे त्यावरून दिसते; आणि स्थळावरून नाव द्यावयाचे असेल तेथे त्याने 'डुखुनेन्सिस', 'पूनेन्सिस' असा लॅटिन प्रत्यय लावला आहे. 'पूनेन्सिस' हे त्याने पुण्यावरून एका माशीमाऱ्यास दिलेले नाव होय. 'बीमा'ला असा प्रत्यय नाही. तेव्हा हे नाव नदीचे नसून पांडवाचे असावे, हाच पक्ष अधिक सबळ दिसतो. इंग्रजी लेखनात दीर्घ ईकारासाठी दुहेरी 'ई' आणि महाप्राण भकाराऐवजी साधा बकार, हे त्या काळच्या लेखनपद्धतीस धरूनच आहे. पंधरावीस ग्रॅम वजनाच्या पाखरास भीमाचे नाव पडावे, यात विनोद असलाच तर तो साइक्सने उघड केलेला नाही.

शास्त्रीय नामकरणात ज्याने आधी नाव दिले त्याचे नाव टिकते. हा संकेत १८४२ मध्ये ब्रिटनमध्ये नियमबद्ध झाला. त्यामुळे पक्ष्यास पत्ता कोणता मिळावा हे पुष्कळदा त्याच्या वाटेवरील कोणत्या टोकास निरीक्षक आधी पोहोचला यावर अवलंबून राहिले. पांढऱ्या आणि पिवळ्या परिटाची मूळ नावे १७५८ मध्ये लिनेअसने स्वीडनमध्ये दिली. पिवळ्या डोक्याचा परीट १७७६ मध्ये पाल्लासने सायबेरियातून वर्णिला, म्हणून त्याच्या नावात दख्खन नाही. साइक्सच्या कोळसुनाची गोष्टही अशीच झाली. त्याला साइक्सने 'डुखुनेन्सिस' म्हटले खरे, पण तोच रानकुत्रा पाल्लासने १८११ मध्ये सायबेरियाच्या बाजूने आधीच नोंदविला होता, म्हणून दख्खनचे नाव उपप्रकारापुरते उरले. बारमाही थोरल्या धोब्याचे नाव १७८९ मध्ये मद्रासवरून पडले, आणि तेवढे एक मात्र खऱ्या पत्त्याचे आहे, कारण तो पक्षी तेथून कोठे जातच नाही.

साइक्सनंतर अर्धे शतक दख्खन-कोकणातील याद्यांची परंपरा जोमाने चालली. जर्डनचा भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथ १८६२ ते १८६४ या काळात आला आणि त्यात मराठी नावेही दिलेली होती. अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड फेअरबँक यांनी १८७६ मध्ये खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव व अहमदनगर या भागांतील पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. डेव्हिडसन आणि वेंडन यांची दख्खनची यादी १८७८ ची, आणि व्हिडाल यांची दक्षिण कोकणची १८८० ची. या तिन्ही याद्या ह्यूमच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात आल्या. पक्षी केव्हा आला आणि केव्हा गेला याच्या तारखा आता महत्त्वाच्या ठरू लागल्या होत्या. त्याच सुमारास तुर्कस्तानच्या पठारांवर सेव्हेर्त्सोव्हसारखे रशियन संशोधक दुसऱ्या टोकाची नोंद करीत होते. दोन साम्राज्यांच्या राजकीय चुरशीत पक्ष्यांच्या वाटेची दोन टोके कागदावर जवळ येत गेली.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांत दोन मराठी डॉक्टर होते : प्रार्थना समाजाचे संस्थापक आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. संस्थेचे नियतकालिक मात्र इंग्रजीत निघाले, आणि मराठीत त्याच्या तोडीचे निरीक्षणाचे वाङ्मय निर्माण होण्यास पुढे बराच काळ जावा लागला. याचा परिणाम नावांवर झाला. पक्ष्यांची शास्त्रीय आणि इंग्रजी नावे सुधारत, स्थिरावत गेली. मराठी नावे गावोगावी, पारध्यांच्या आणि कोळ्यांच्या तोंडी, जशीच्या तशी राहिली. पारध्यांसारख्या समाजांना तर १८७१ नंतरच्या गुन्हेगार जमातींविषयीच्या कायद्यांनी संशयित ठरविले. रानातील पाखरांची बारीकसारीक माहिती ज्यांच्याकडे होती त्यांना विचारण्याऐवजी त्यांच्यावर पाळत ठेवली गेली.

पक्षी कोठून येतो याचे निश्चित उत्तर नावाने किंवा यादीने मिळणार नव्हते. त्यासाठी पक्ष्यावरच खूण करावी लागली. पायात क्रमांकाची कडी घालण्याची पद्धत डेन्मार्कमधील मॉर्टेन्सन या शिक्षकाने १८९९ मध्ये पद्धतशीरपणे सुरू केली. भारतात मुंबईच्या सोसायटीने १९२६ च्या सुमारास ती प्रथम धार संस्थानच्या सहकार्याने वापरली. पवारांचे हे मराठा संस्थान माळव्यात. वराहमिहिराच्या अवंतीपासून ते फारसे दूर नाही. खंजनाच्या पहिल्या दर्शनाची फळे जेथे लिहिली गेली त्याच प्रदेशात चौदा शतकांनंतर हिवाळी बदकांच्या पायांत कड्या घालण्यात आल्या.

मोठ्या प्रमाणावर कडी घालण्याचे काम सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली १९५९ पासून सुरू झाले, आणि त्यामागचे कारण पक्षिप्रेम नव्हे तर रोगभय होते. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, माणसेही आजारी पडली, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने या रोगाचा विषाणू वेगळा केला. हा विषाणू रशियातील एका गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूशी संबंधित दिसल्याने, सायबेरियाहून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांबरोबर तो आला की काय, अशी शंका निघाली. तिचा तपास करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने मदत दिली. शंका सिद्ध झाली नाही, आणि या कामास पुढे मिळालेल्या परकीय निधीवरून १९७० नंतरच्या दशकात देशात बराच वादही माजला. परंतु जाळ्यांत सापडलेल्या हजारो पक्ष्यांमुळे हिवाळी पाहुण्यांच्या वाटांविषयी पूर्वी कधी नव्हते इतके ज्ञान हाती आले. चिखलात दिसल्यास गोड अन्न देणारा पक्षी आता रोगाचा वाहक म्हणून तपासला जात होता. पाहणाराची निकड बदलली, की पक्ष्याचे रूपही बदलते.

साइक्सने पाहिलेला दख्खन मात्र तोपर्यंत उरला नव्हता. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वर येथे १९०७ ते १९१३ या काळात बंधारा झाला. पाण्याखाली उथळ दलदल निर्माण झाली, कालव्यांवर ऊस उभा राहिला. पिवळे परीट रात्रीच्या मुक्कामासाठी बोरू-लव्हाळ्यात व उसात हजारोंनी उतरतात. कोरडवाहू ज्वारीच्या दख्खनमध्ये असा निवारा थोडाच होता. जायकवाडीचे धरण १९७६ मध्ये आणि भीमेवरील उजनीचे १९८० मध्ये पुरे झाले. नांदूर मध्यमेश्वर हे २०२० मध्ये रामसर कराराखालील महाराष्ट्रातले पहिले पाणस्थळ ठरले. १९८७ पासून दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत अशा जलाशयांवर हौशी निरीक्षक मोजणी करतात. मनुष्याने शेतीसाठी अडविलेले पाणी हेच आज या पाहुण्यांचे मुख्य आश्रयस्थान झाले आहे, आणि त्याचबरोबर ज्वारीचे क्षेत्र घटून माळ्यावरची गोफणही जवळजवळ नाहीशी झाली आहे.

नावांच्या बाबतीत गेल्या काही दशकांत दोन उलट दिशांच्या हालचाली दिसतात. एकीकडे वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी 'पक्षिकोश' रचून निरनिराळ्या भागांतील आणि समाजांतील मराठी नावे प्रथमच मोठ्या प्रमाणावर एकत्र केली. मोल्सवर्थ आणि साइक्स यांच्या काळात राहून गेलेली पडताळणी येथे कोठे सुरू झाली. दुसरीकडे, या अनेक नावांतून प्रत्येक जातीस एकच प्रमाण नाव ठरविण्याचे प्रयत्न होत आहेत. याद्या करणाऱ्यांस त्याची सोय आहे हे नाकारता येत नाही. परंतु प्रमाण नावे पुष्कळदा इंग्रजी नावांची शब्दशः भाषांतरे होतात, आणि 'पांढऱ्या भुवईचा' हे वर्णन जितके अचूक तितकेच ते पाणकाठाला पारखे. भोरडी, परीट, कोळसून या नावांत जी निरीक्षणाची कारणे साठविली आहेत ती भाषांतरित नावात उतरत नाहीत. निदान कोशात तरी ही नावे त्यांच्या गावांसह आणि ती बोलणाऱ्या समाजांसह नोंदली गेली पाहिजेत. केवळ 'पर्यायी नाव' म्हणून नव्हे.

शास्त्रीय नावांचीही अशीच उलथापालथ चालू आहे. साइक्सचा 'रामा' दीर्घकाळ दुसऱ्या एका वटवट्याचा उपप्रकार समजला जात होता. अलीकडच्या अभ्यासाने त्यास पुन्हा स्वतंत्र जातीचा मान मिळाला. 'डुखुनेन्सिस'चे दैव तितके बलवत्तर नाही. युरोपातील पांढऱ्या परिटापासून त्यास वेगळे काढण्याजोगा फरक नाही, असे अनेक तज्ज्ञ मानतात आणि लिनेअसच्या स्वीडिश नावात त्याचा समावेश करतात. 'बीमा' मात्र उपप्रकार म्हणून टिकून आहे. डिसेंबरात उजनीच्या गाळपेरीच्या शेतांत तो ओळखणे जवळजवळ अशक्य असते, कारण हिवाळ्यात पिवळ्या परिटांचे सारेच उपप्रकार सारखेच भुरकट दिसतात. फाल्गुनापासून त्यांची पिसे बदलू लागतात. थव्यातील काही नरांचे डोके काळे होते, काहींचे गडद करडे. आणि ज्यांचे डोके फिकट राखी होऊन डोळ्यावर ठसठशीत पांढरी भुवई उमटते तो साइक्सचा 'बीमा'. ही ओळख पटण्यास निरीक्षकास महिनाभराचाच अवधी मिळतो. एप्रिलअखेर थवे उत्तरेकडे निघून जातात आणि भीमेच्या काठी थोरला धोबी तेवढा घरट्यापाशी राहतो.